सेलबर्नचे पाळक आणि तीन लहान पांखरें
रे. गिल्बर्ट व्हाइट (इ. स. १७२०–१७९३)

मृग लागण्यापूर्वीं पावशा ओरडूं लागला म्हणजे तो कोणता पक्षी हें आपल्या शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. पेरते व्हा, पेरते व्हा, असा त्याचा बोल कानीं पडला कीं पुरे. तो दृष्टीस पडो वा न पडो. रात्रीं बांधावर ओरडणारी टिटवी, तिन्हीसांजेस कलकलाट करणारा पिंगळा, आमराईंतील कोकीळ, ह्या सर्वांस आपण डोळ्यांनीं न पाहतां ओळखतों. परंतु झाडांच्या शेंड्यांवर पानांच्याच रंगाचीं, चिमणीहून लहान, क्षणभरही स्वस्थ न बसणारीं जीं पांखरें असतात, त्यांस आपण नुसतें पांखरूं म्हणतों आणि पुढें जातों. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील विद्वान लोकही बहुधा असेंच करीत. ज्या गृहस्थांनीं ह्या पांखरांपुढें थांबून, त्यांचें गाणें ऐकून, त्यांस एकमेकांपासून निराळें केलें, ते एका खेड्यांतील पाळक होते. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रे. गिल्बर्ट व्हाइट ह्यांचा जन्म ता. १८ जुलै १७२० रोजीं हँपशायर परगण्यांतील सेलबर्न ह्या गांवीं झाला. त्यांच्या आजोबांचेंही नांव गिल्बर्टच होतें. आजोबा त्या गांवचे मुख्य पाळक असल्यामुळें त्यांच्याच पाळकगृहांत हें मूल जन्मलें. सेलबर्न हें लंडनपासून सुमारें पन्नास मैलांवर, नैर्ऋत्य दिशेस आहे. गांवाच्या मागें खडूच्या मातीची उंच टेकडी असून तिच्या उतारावर बीच नांवाच्या झाडांचें दाट रान आहे. त्या रानास हँगर म्हणतात. टेकडीच्या पायथ्याशीं एकच लांब रस्ता व त्याच्या दोहों बाजूंस घरें. गाड्यांच्या चाकांनीं व पावसाच्या लोटांनीं झिजून तेथील वाटा त्या काळीं कांहीं ठिकाणीं शेतांच्या पातळीखालीं सोळा-अठरा फूट खोल गेल्या होत्या. पावसाळी दिवसांत गांवांत येणें-जाणें किती कठीण असेल ह्याची कल्पना आपल्या वाचकांस सहज करतां येईल. व्हाइट ह्यांनीं १७८३ सालीं केलेल्या गणतीप्रमाणें गांवांत ६७६ माणसें होतीं. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बेताच्या गांवाएवढीच ही वस्ती.

ऑक्सफर्ड येथील ओरिएल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १७४३ सालीं ते बी. ए. झाले, पुढच्याच वर्षीं त्याच कॉलेजाचे फेलो निवडले गेले, आणि १७४९ सालीं त्यांस पाळकपणाची पूर्ण दीक्षा मिळाली. आतां पुढें मोठ्या जागा मिळत जातील असें कोणासही वाटलें असतें. तसें घडलें नाहीं. १७५७ सालीं आपल्या कॉलेजाच्या प्रमुखाच्या जागेसाठीं ते उभे राहिले, परंतु निवड दुसऱ्याची झाली. सेलबर्नचें मुख्य पाळकपद त्यांस मिळतें तर त्यांचें मन तृप्त झालें असतें, पण ती जागा देण्याचा अधिकार ऑक्सफर्डमधील दुसऱ्याच कॉलेजाकडे, मॉडलेन कॉलेजाकडे, होता. ओरिएलच्या माणसास ती मिळणें शक्य नव्हतें. म्हणून जन्मगांवीं ते केवळ सहायक पाळक म्हणून, तेंही मधून मधून, काम करीत राहिले. शेजारच्या फॅरिंग्डन गांवच्या मंडळीचें सहायक पाळकपण त्यांनीं १७६१ पासून १७८४ पर्यंत चालविलें, आणि त्यानंतर मरेपर्यंत सेलबर्नचें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. नॉर्थँप्टनशायरमधील मोर्टन पिंकनी ह्या गांवचें पाळकपद त्यांच्या नांवें होतें व त्याचें उत्पन्न ते घेत. पण ते स्वतः तेथें राहत नसत. त्या काळीं ही रीत सर्रास चाले व तींत कोणास फारसें गैर दिसत नसे. आज आपल्या कोणत्याही मंडळीस हें खपणार नाहीं, आणि तें खपूं नये असेंच आमचें मत आहे. त्यांनीं लग्न केलें नाहीं. फेलो असेपर्यंत अविवाहित राहावें असा कॉलेजाचा नियम होता, व तें पद त्यांनीं शेवटपर्यंत ठेविलें. द वेक्स नांवाच्या घरांत, बहीण-भावांच्या मुलांच्या येण्याजाण्यांत, त्यांचें आयुष्य गेलें.

पण सेलबर्न न सोडण्याच्या ह्या हट्टांतूनच पुढचें सर्व निघालें. १७५१ सालापासून ते आपल्या बागेची नोंद ठेवूं लागले: कोणतें बीं कधीं पेरलें, थंडी किती पडली, काकड्या केव्हां लागल्या. पुढें डेन्स बॅरिंग्टन नांवाच्या न्यायाधीशांनीं निसर्गाची रोजनिशी ठेवण्यासाठीं रकाने पाडून छापलेले कागद त्यांस मिळाले. त्यांत वारा, पाऊस, ऊन, फुलणाऱ्या वनस्पति, येणारे व जाणारे पक्षी ह्यांस निरनिराळीं घरें होतीं. १७६८ पासून जून १७९३ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या महिन्यापर्यंत, ही रोजनिशी त्यांनीं चालविली. पंचवीस वर्षें एकाच गांवच्या वसंताची तारीखवार नोंद! तिच्यावरून त्यांस कळूं लागलें कीं अमुक पांखरूं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत येतें, भिंगरी एप्रिलच्या मध्यास, आणि पाकोळी एप्रिलच्या अखेरीस.

आतां त्या तीन पांखरांकडे वळूं. इंग्लंडांत हिंवाळा सरला म्हणजे दक्षिणेकडून जे पक्षी येतात त्यांत पानांआड किडे टिपणारीं अगदीं लहान, वरून हिरवट व खालून पिवळट अशीं पांखरें असतात. आपल्याकडे ह्या कुळास पर्णवटवट्या म्हणतात. एकेकाचें वजन अवघें आठ-दहा ग्रॅम. त्या वेळच्या पुस्तकांत ह्या सर्वांस बहुधा एकाच नांवाखालीं घालीत. व्हाइट ह्यांच्या कानास मात्र तें पटेना. टेकडीवर, बागेंत व ओढ्याकांठच्या झाडींत त्यांस तीन निराळीं गाणीं ऐकूं येत. पहिलें पांखरूं सर्वांच्या आधीं, सुमारें २० मार्चला येई, आणि त्याचें गाणें म्हणजे दोनच तीक्ष्ण स्वर पुनः पुन्हां; जणूं लोहार लहानशा ऐरणीवर हलक्या हातानें ठोके मारीत आहे. दुसऱ्याचें गाणें वरून सुरू होऊन पायऱ्या उतरत यावें तसें गोड, मोकळें व हंसरें. तिसरें उंच बीच झाडांच्या शेंड्यांवरच राही, आणि पंख थरथरवीत नाकतोड्यासारखी किरकिर करी.

गाणीं तीन, मग पांखरें एक कसें? हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. आजच्यासारखी दुर्बीण तेव्हां नव्हती. पांखरूं नीट पाहावयाचें तर बंदूक मारूनच पाहावें लागे, व त्यांनीं तसें केलें. तिन्हीं पांखरें हातांत घेऊन ताडून पाहिलीं, तों तिसरें सर्वांत मोठें व अधिक पिवळें, पंखांतील पिसांचीं टोकें पांढुरकीं. पहिलें व दुसरें दिसण्यांत इतकीं सारखीं कीं आजही जाणते लोक तोंड न उघडणाऱ्या पांखराविषयीं चटकन् बोलत नाहींत. पहिल्याचे पाय बहुधा काळसर व दुसऱ्याचे फिके, एवढीच मुख्य खूण. ता. १७ ऑगस्ट १७६८ रोजीं टॉमस पेनंट ह्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञांस पत्र लिहून त्यांनीं कळविलें कीं ह्या जाती तीन आहेत व त्यांविषयीं आपणांस शंका उरलेली नाहीं. इंग्रजींत आज त्यांस चिफचॅफ, विलो वॉर्बलर व वुड वॉर्बलर म्हणतात. त्यांपैकीं विलो वॉर्बलरला लिनीयस ह्यांनीं १७५८ सालींच शास्त्रीय नांव दिलें होतें. पण चिफचॅफला असें नांव मिळावयास १८१७ साल उजाडावें लागलें. युरोपांतील पंडितांच्या पुष्कळ आधीं खेड्यांतल्या एका सहायक पाळकाच्या कानांनीं हें काम केलें होतें.

त्यांची रीति काय होती तें आमच्या उपदेशक बंधूंनीं अवश्य पाहावें, कारण गांवोगांव पायीं फिरणाऱ्यास ती सहज साधण्याजोगी आहे. केवळ रंगावर विसंबूं नये असें त्यांचें म्हणणें. पक्षी उडतो कसा, चालतो कसा, ह्यावरूनही तो दुरून ओळखतां आला पाहिजे. घार पंख न हालवितां आभाळांत चकरा घेते. सुतार पक्षी लाटेसारखा वर-खालीं होत उडतो. चंडोल गात गात सरळ वर चढतो. धोबी जमिनीवर चिमणीसारखा उड्या न मारतां तुरुतुरु धांवतो. ह्या गोष्टी सेलबर्नास जितक्या खऱ्या तितक्याच सोलापुराकडेही खऱ्या आहेत. ते एका जागीं उभे राहत, वाट पाहत, आणि घड्याळ लावीत. गव्हाणी घुबडाच्या जोडप्यावर नजर ठेवून त्यांनीं पाहिलें कीं पिलांसाठीं दर पांच मिनिटांस सुमारें एक उंदीर घरट्यांत येतो. आपल्याकडे ज्या पक्ष्याच्या आवाजास लोक अपशकुन मानतात, तो शेतकऱ्याचें किती धान्य राखतो हें ह्यावरून दिसेल. त्यांचे एक स्नेही संगीताचे जाणकार होते. स्वर जुळविण्याची शिट्टी घेऊन त्यांनीं घुबडांचे घुत्कार कोणत्या स्वरांत लागतात तें पाहिलें, आणि सर्व घुबडें एकाच स्वरांत ओरडत नाहींत असें आढळलें.

पांखरें वसंतांतच एवढीं कां गातात, ह्याचाही त्यांनीं विचार केला. नर जें गातो तें बहुतेक दुसऱ्या नराच्या चढाओढीनें गातो, आणि ह्याच मत्सरामुळें वसंतांत पक्षी रानभर सारखे वांटले जातात, असें त्यांनीं १७७२ च्या सुमारास बॅरिंग्टन ह्यांस लिहिलें. प्रत्येक नर गाण्यानें आपल्या हद्दीचा बांध घालतो व मादीस बोलावतो, हें शास्त्रांत सर्वमान्य व्हावयास विसावें शतक उजाडलें. बांधावरून भांडणारे आपण एकटेच नाहीं म्हणावयाचे!

आणि ह्याच मनुष्याचे कान जाऊं लागले. १७७४ सालीं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं बॅरिंग्टन ह्यांस पाकोळीविषयीं एक लांब पत्र लिहिलें. त्यांत पक्ष्याची सर्व हकीकत सांगून झाल्यावर शेवटीं स्वतःविषयीं थोडें आहे: बहिरेपणाचे झटके आपणांस वारंवार येतात, झटका आला म्हणजे रानांतील आवाजांवरून जें कांहीं कळत असे तें सर्व बंद होतें, आणि पांखरांच्या गाण्यांनीं भरलेला मे महिना पक्षी मुके होण्याच्या ऑगस्टसारखाच निःशब्द जातो, डोळे मात्र देवकृपेनें अजून तीक्ष्ण आहेत. तक्रार एवढीच. जे कान तीन पांखरें निवडून काढूं शकले त्यांस वर्षांतला सर्वांत गोड महिनाच मुका व्हावा, ह्यासारखें दुःख पक्षी जाणणाऱ्यास दुसरें कोणतें? पण रोजनिशी थांबली नाहीं. कान ऐकत तेव्हां ऐकलेलें, न ऐकत तेव्हां पाहिलेलें, असें ते लिहीत गेले. मातीचें घरटें बांधणारी भिंगरी सकाळींच काम करते, दिवसाला सुमारें अर्धा इंचच थर चढविते व तो वाळूं देते, नाहीं तर ओल्या गाऱ्याच्या भारानें घरटें कोसळेल, हें त्यांनीं पाहिलें तें डोळ्यांनींच. गवंडीकाम करणारे आमचे वाचक ह्या पक्ष्याची पद्धत बरोबर आहे असें म्हणतील. भिंगऱ्या व पाकोळ्या ह्यांवरील त्यांचे निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७७४ व १७७५ सालीं छापले.

एका प्रश्नानें मात्र त्यांस आयुष्यभर छळलें. हिंवाळ्यांत भिंगऱ्या कोठें जातात? त्या काळीं कित्येक मोठे लोक म्हणत कीं त्या तळ्यांच्या तळाशीं किंवा बिळांत निजून राहतात. व्हाइट ह्यांचे भाऊ जॉन जिब्राल्टर येथें लष्कराचे पाळक होते. पक्ष्यांचे थवे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातांना व परत येतांना दिसतात असें त्यांच्याकडून कळत असे. म्हणून कित्येक भिंगऱ्या परदेशीं जातात हें व्हाइट मानीत. परंतु सर्वच जातात हें त्यांच्या मनास पटेना. ऑक्टोबरच्या अखेरीस घरट्यांतून नुकतीं निघालेलीं अशक्त पिलें त्यांस दिसत. तीं एवढा समुद्र कशीं ओलांडणार? एप्रिलमध्यें एखाद्या उबदार दिवशीं भिंगरी दिसे आणि थंडी पडतांच पुन्हां नाहींशी होई. ती जवळच कोठें तरी लपली नसेल काय? शंका वेडगळ नव्हती, पाहिलेल्या गोष्टींवरच उभी होती.

शेवटीं एप्रिल १७८१ मध्यें त्यांनीं मजूर लावून टेकडीवरील संशयित झुडपें व कपारी तपासविल्या. कांहीं सांपडलें नाहीं. नवल असें कीं मजूर काम करीत असतांनाच त्या वर्षाची पहिली भिंगरी सर्वांदेखत गांवांतून उडत आली, एका घरट्यांत शिरली, थोडा वेळ थांबली आणि घरांवरून निघून गेली. तीही हकीकत त्यांनीं जशीच्या तशी लिहून ठेविली. त्यांचें मत शेवटपर्यंत डळमळतच राहिलें. उत्तर फार उशिरां मिळालें: मे १९११ मध्यें इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत एका भिंगरीच्या पायांत अंक कोरलेलें लहान वळें घातलें होतें, ती भिंगरी डिसेंबर १९१२ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत धरली गेली. आपल्या महाराष्ट्रांत हिंवाळ्यांत तारांवर रांगेनें बसणाऱ्या माळभिंगऱ्या ह्याच जातीच्या आहेत. त्या उत्तरेकडील देशांतून येतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. बाभळींच्या शेंड्यांवर हिंवाळाभर चिवचिवणारे हिरवट पर्णवटवट्येही असेच पाहुणे होत, व सेलबर्नच्या त्या तीन पांखरांचे ते जवळचे भाऊबंद. त्यांस ओळखावयाचें तर डोळ्यांपेक्षां कानच अधिक उपयोगी पडतात.

पेनंट व बॅरिंग्टन ह्यांस लिहिलेलीं पत्रें एकत्र करून त्यांचें पुस्तक व्हावें असें मित्रांनीं सुचविल्यावरही व्हाइट ह्यांनीं बरींच वर्षें घालविलीं. त्यांचे भाऊ बेंजामिन लंडनमध्यें पुस्तकांचे प्रकाशक होते. त्यांनीं तें छापलें, आणि त्यावर १७८९ हें साल आहे. तेव्हां लेखक अडुसष्ट वर्षांचे होते. एका गांवचा निसर्ग व त्याच्या जुन्या वस्तूंचा इतिहास, एवढाच त्याचा विषय. दूर देशच्या प्रवासांचें व नवलांचें त्यांत कांहीं नाहीं. तरी तें पुस्तक तेव्हांपासून आजतागायत पुनः पुन्हां छापलें जात आहे. त्यांत गांडुळांविषयींही लिहिलें आहे: हा क्षुद्र दिसणारा प्राणी नाहींसा झाला तर जमीन थिजून निकस होईल असें त्यांनीं सांगितलें, आणि चार्ल्स डार्विन ह्यांनीं १८८१ सालीं गांडुळांवर सबंध पुस्तक लिहिलें त्याच्या शंभर वर्षें आधींची ही गोष्ट आहे. द वेक्स हें त्यांचें घर १९५५ पासून लोकांस पाहण्यासाठीं खुलें आहे.

पुस्तक निघाल्यावर ते चारच वर्षें जगले. मंडळीचें काम, बाग व रोजनिशी हीं चालूच होतीं. ता. २६ जून १७९३ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, द वेक्समध्यें त्यांचा अंत झाला. आपली प्रेतयात्रा शक्य तितकी साधी असावी, थाटमाट नसावा, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. रोजावर काम करणारे सहा प्रामाणिक मजूर, व त्यांतही ज्यांनीं मोठीं कुटुंबें पोसलीं आहेत असे निवडून, त्यांनीं प्रेत वाहून न्यावें व प्रत्येकास त्या श्रमाबद्दल दहा शिलिंग द्यावे, अशी त्यांची आज्ञा होती. सेलबर्नच्या मंदिराच्या आवारांत त्यांची कबर आहे. तिच्या लहानशा दगडावर जी. व्हा. एवढींच आद्याक्षरें इंग्रजींत कोरलेलीं आहेत, आणि त्यांखालीं मृत्यूची तारीख.